यंत्रमागांच्या गल्लीत हायपरसॉनिक

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बंगळूरला संशोधन करत होते. विषय होता विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा, आणि तीही आवाजाच्या पाचपट-सहापट वेगानं वाहणारी. या वेगाला हायपरसॉनिक म्हणतात. एवढ्या वेगानं जाणारं विमान आमच्याकडे कुठलं असणार? म्हणून आम्ही विमान जागेवर ठेवायचो आणि हवा त्याच्या अंगावर सोडायचो. एक लांब पोलादी नळी, तिच्या एका टोकाला कोंडलेला वायू, मध्ये धातूचा पातळ पडदा. दाब वाढत वाढत गेला की पडदा फाटायचा, बंदुकीसारखा आवाज व्हायचा आणि दुसऱ्या टोकाला बसवलेल्या वीतभर पितळी विमानावरून हवेचा झोत निघून जायचा. पापणी लवायच्या आत प्रयोग संपलेला असायचा. त्याच्या तयारीत मात्र आमचे दिवसच्या दिवस जायचे.

पंखावर मी एक खास रंग लावायचे. जिथं उष्णता जास्त लागेल तिथं तो काळपट पडायचा. पंखाची पुढची कड तापते हे ठाऊकच होतं, त्यामुळं ती सगळी सारखी काळी पडावी एवढीच माझी अपेक्षा. पण कडेच्या साधारण मध्यावर एक डाग यायचा, बाकीच्या कडेपेक्षा कितीतरी गडद. तिथं कुणी पेटती उदबत्ती टेकवली असावी असा.

सरांनी डाग पाहिला आणि म्हणाले, "रंग नीट लावला नाहीस."

मी रंग खरवडून पुन्हा लावला. डाग पुन्हा आला, त्याच जागी. सर म्हणाले, "ब्रश बदल." ब्रश बदलला, तरी डाग होताच. त्यानंतरच्या प्रयोगाची तयारी चालू असताना नळीलाच तडा गेला. नवा भाग यायला कित्येक महिने लागणार होते. सरांनी मला समोर बसवलं. "घरी जाऊन ये. नीट जेव, झोप. आणि त्या डागाचा विचार करू नकोस," ते म्हणाले.

मी बार्शीची. थोडे दिवस आईवडिलांकडे राहिले आणि मग सोलापूरला मामाकडे आले. कॉलेजची वर्षं मी त्याच्याकडेच काढली होती, त्यामुळं ते माझं दुसरं घर. मामाच्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या. पुढं घर आणि मागं चादरींचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तीत खडखडणारे यंत्रमाग. आख्खी गल्लीच तशी. सकाळी माग सुरू झाले की जेवणाच्या ताटातली वाटी आपोआप सरकत सरकत कडेला यायची. घरात मामा-मामी एकमेकांशी कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत, मागावरच्या माणसांशी मोडक्या तेलुगूत, आणि हे सगळं ओरडून. त्या गल्लीत हळू बोलणारं कुणी नव्हतंच.

डागाचा विचार करू नकोस, असं सांगितल्यावर दुसरा कसला विचार येणार? एके दिवशी मामी अंगण धूत होती. उतारावरून पाण्याचा पातळ थर वाहत होता आणि वाटेत एक खडा होता. खड्याच्या पुढ्यात पाणी उचललं गेलं होतं आणि तिथून मागं दोन्ही बाजूंना दोन तिरप्या रेषा निघाल्या होत्या. मी तिथंच उकिडवी बसले. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या वस्तूपुढं हवेत अशाच रेषा उमटतात. त्यांना आघात-लहरी म्हणतात. पातळ पाण्यातल्या लाटा आणि हवेतल्या आघात-लहरी यांचं गणित बरंचसं सारखं असतं, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. डोळ्यांनी बघितलं मात्र नव्हतं.

"काय सांडलं का गं तुझं?" मामीनं विचारलं.

"मामी, मला एक मोठी काच पायजे."

मामाचं पूर्वी चादरींचं दुकान होतं, त्यातलं जुनं शोकेस माळ्यावर पडून होतं. त्याची काच मी मागितली. मामानं कशाला म्हणून विचारलं नाही. "भाची बंगळूरला शिकती, तिला काच लागती," एवढंच त्यानं मागावरच्या माणसांना सांगितलं आणि त्यांच्यातल्या दोघांनी मिळून ती खाली उतरवली. शेडच्या एका कोपऱ्यात लाकडी चौकटीवर काच आडवी ठेवली, चारही कडांना पोटीनचा, म्हणजे काच बसवायच्या लांबीचा, बांध घातला आणि वर पाणी ओतलं. बोटाचं अर्धं पेरही बुडणार नाही एवढंच. सुताराकडून सागवानी विमान कापून आणलं: टोकदार नाक आणि मागं झुकलेले दोन पंख. ते एका छोट्या गाड्याला खालून अडकवायचं, गाडा पाण्याच्या वरून दोन लोखंडी पट्ट्यांवर धावणार. गाड्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि तिच्या टोकाला मामाच्या तराजूचं वजन. वजन सोडलं की ते खाली येणार आणि विमान पाणी कापत पलीकडं जाणार. वेग वाढवायचा तर वजन वाढवायचं.

हे मी मामीला समजावून सांगत होते. एवढ्या पातळ पाण्यात लाट अगदी सावकाश चालते, म्हणून तिच्या पाचपट वेग म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याइतकाच.

"म्हंजे मी दळनाला जाते तवा हायपरसॉनिक असते व्हय?"

"पाण्यातून गेलीस तर असशील."

"बघा हो," मामी आत तोंड करून मामाला म्हणाली, "तुमी उगीच म्हनता मी हळू चालते म्हनून."

सगळी तयारी झाली आणि माझ्या लक्षात आलं की पाणी स्थिर राहतच नाही. माग चालू असले की जमीन थरथरायची, काच थरथरायची आणि पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठायच्या. चौकटीखाली मी पोती घातली, गाद्या घातल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून घातल्या. वळ्या काही जाईनात. मामाचे माग थांबवले तरी शेजारचे होतेच. आठवड्याच्या सुट्टीला सगळी गल्ली बंद असायची, पण त्या एका दिवसात काय काय करणार?

एक दिवस मी अशीच हताश होऊन पाण्याकडे बघत बसले होते आणि लाईट गेली. त्या काळात ती नेहमीच जायची. गल्लीतून एकदम "अरेरे" असा आवाज आला, माग एकेक करून गप्प झाले आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी आरशासारखं झालं. मी धावत जाऊन वजन सोडलं. विमान सुळकन पलीकडं गेलं. नाकापासून दोन रेषा फाकल्या, पंखांपासून आणखी दोन. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मामा चप्पल न घालता शेडमध्ये आला.

"काय झालं? शॉक बसला का?"

"लाईट नाही मामा, शॉक कसा बसेल! लाटा बघ, लाटा!"

त्यानंतर आमच्या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. लाईट गेली की मामा कपाळाला हात लावायचा आणि मी ओढणी कमरेला खोचून शेडकडं पळायचे. "माझं काम बंद पडलं की हिची दिवाळी," मामा येईल त्याला सांगायचा. सांगताना हसायचा, पण थोडं तोंड वाकडं करूनच. मलाही ओशाळल्यासारखं व्हायचं. मग लाईट आली की मी त्याच्यासाठी चहा टाकायचे.

लाटा दिसत होत्या, पण त्यांचा फोटो हवा होता. त्यासाठी ऊन लागायचं. उन्हाचा झोत वरून पाण्यावर पडला की लाटांच्या सावल्या काचेतून खालच्या पांढऱ्या कापडावर उमटतात, आणि त्या प्रत्यक्ष लाटांपेक्षा कितीतरी ठसठशीत दिसतात. शेडच्या पत्र्यात एक काचेचं कौल होतं, पण त्यातून ऊन नेमकं माझ्या पाण्यावर भर दुपारीच पडायचं. मामीनं यावर उपाय काढला. कपाटाचा आरसा काढून ती दाराबाहेर उभी राहायची आणि ऊन आतल्या भिंतीवर टांगलेल्या दुसऱ्या आरशावर पाडायची. तिथून ते खाली पाण्यावर. पहिल्या दिवशी तिचा हात हलला आणि झोत समोरच्या घरात झोपलेल्या आजोबांच्या डोळ्यांवर गेला. ते तेलुगूत काय म्हणाले ते आम्हाला पुरतं कळलं नाही. मामीच्या मते बरंच झालं.

फोटो काढायला चौकातला स्टुडिओवाला यायचा. जोडप्यांचे आणि बारशाच्या बाळांचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली होती. तो कापडाच्या बाजूला बैठक मारून, डोळा कॅमेऱ्याला लावून बसायचा आणि विमान निघून गेलं की म्हणायचा, "बाई, इने तो रुकताच नै! जरा रुकने कू बोलो." रुकलं तर लाटच उरणार नाही, हे मी त्याला कितीदा सांगितलं. हळूहळू त्याला अंदाज आला. वजन सुटल्याचा आवाज आला की तो मनात काहीतरी म्हणायचा आणि खटका दाबायचा. काय म्हणतोस, विचारलं तर सांगायचा नाही.

हे सगळं चालू असताना मामी दुसराही एक प्रयोग करत होती. माझं लग्न. केम गावचं एक स्थळ तिच्या नजरेत भरलं होतं. मुलगा बँकेत, वडील रेल्वेतून रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर. घर आपल्यातलंच. बघायला या, असं तिनं त्यांना परस्पर कळवूनही टाकलं होतं. मी फारशी कुरकुर केली नाही. कारण त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं तरी माझं लक्ष पंख्याकडं असायचं, तो फिरतोय की थांबलाय.

मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलगा बरा होता, शर्टाची बाही सारखी सारखी करायची सवय असलेला. मामीनं सुशीला केली होती, चुरमुरे भिजवून करतात ती. मी बशा दिल्या आणि समोर बसले.

"स्वैपाक येतो का सगळा?" मुलाच्या आईनं विचारलं.

"हो," मी म्हणाले, "भाकरी येते, पुरणपोळी थोडी..."

पंखा थांबला. मागून खडखड मंदावत मंदावत गेली आणि गल्ली गप्प झाली. खिडकीतून स्वच्छ ऊन दिसत होतं. कितीतरी दिवसांनी अशी वेळ आली होती, लख्ख सूर्य आणि लाईट नाही. माझं वाक्य अर्धवटच राहिलं.

"मी जरा आलेच हं," मी म्हणाले आणि उठले. मामी माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, पण पाहुण्यांसमोर ओरडणार कशी?

शेडमध्ये जाऊन मी गाडा मागं ओढला, वजन अडकवलं, आणि लक्षात आलं की आरसा धरायला कुणी नाही. तेवढ्यात दारात मुलाचे वडील उभे. धोतर, कोट, उन्हानं रापलेला चेहरा. हात धुवायला म्हणून उठले होते आणि आवाजाच्या मागं आले होते.

"पोरी, हितं काय चाललंय?"

"काका, तेवढा आरसा धरता का? ऊन आत पाडायचं, त्या भिंतीवरच्या आरशावर."

त्यांनी काही न विचारता आरसा उचलला आणि झोत असा नेमका पाडला की हललाच नाही. मी वजन सोडलं. कापडावर काळ्या-पांढऱ्या रेषा झरझर गेल्या.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

मी पुन्हा केलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. हे काय, त्या रेषा कशाच्या, हवा दिसत नाही मग पाण्यात कशी दिसती? मी त्यांना उलट विचारलं, "काका, तुमची गाडी स्टेशनात यायच्या आधी फलाटावरचा पाला हलायचा का?"

"हलायचा की. गाडी लांब असती तवाच उडायला लागतो."

"म्हणजे गाडी येतेय ही बातमी हवेला आधी कळते आणि ती बाजूला सरकायला लागते. ही बातमी जाते आवाजाच्या वेगानं. गाडीच जर आवाजापेक्षा जोरात आली तर?"

"तर हवेला काय कळायचंच न्हाय. गाडी आली ती अंगावरच."

"तीच ही रेषा. इथं हवा एकदम चेपली जाते. आणि वेग पाचपट-सहापट झाला की रेषा अगदी अंगाला चिकटून बसते आणि हवा भट्टीसारखी तापते."

"लई भारी," ते म्हणाले. "आनि ही पंखाची रेष का वाकली?"

"ती अजून मला कळायचीय."

आम्ही परत आलो तेव्हा बशांमधली सुशीला गार झाली होती. मामी पाहुणीबाईंना घरातल्या सगळ्या फोटोंची ओळख करून देऊन थकली होती. मुलगा बाही सारखी करत होता. जाताना मामीनं कुंकू लावलं, मंडळी गेली, आणि मग मामीनं मला कानडीतून जे ऐकवलं ते समजायला कानडी यायची गरज नव्हती.

नकार आला. मुलाचं म्हणणं असं होतं की मुलगी चांगली आहे, हुशार आहे, पण तिनं आपल्याकडं एकदाही पाहिलं नाही. ऐकून मला वाईट वाटलं, कारण ते खरंच होतं. मामी दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलली.

आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, दारात काका उभे. एकटे. हातात केमच्या कुंकवाचा पुडा. त्यांचं गाव त्या कुंकवासाठी नावाजलेलं. पुडा मामीच्या हातात देऊन ते म्हणाले, "वैनी, पोराचं त्याच्यापाशी. माजा काय ह्या पोरीला नकार न्हाय. आज पानी हाय का?"

मामी हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावून आत गेली, आणि चहाचं आधण चढल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून दर सुट्टीला काका सकाळच्या गाडीनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचे. रेल्वेचा पास होता आणि वेळ भरपूर होता. येताना भुईमुगाच्या शेंगा नाहीतर घरचं काहीतरी आणायचे. ते आणि मामी आरसा कुणी धरायचा यावरून भांडायचे.

ती वाकलेली रेषा मला झोपू देत नव्हती. पंखाच्या कडेपुढं जी लाट होती ती सरळ जात जात मध्येच मोडल्यासारखी दिसायची. फोटोत ती जागा पांढरीफटक यायची, काही उमगायचं नाही. पाणी तिथं नक्की कुठून कुठं जातंय हे दिसायला हवं होतं. एका सुट्टीला माझी नजर कोनाड्यातल्या पुड्याकडं गेली.

"मामी, थोडं कुंकू देतेस?"

"कुंकू? पान्यात टाकायला?" मामीनं पुडा छातीशी धरला. "अय्यो, नगं गं बाई."

काका म्हणाले, "वैनी, द्या की. आमच्या केमला ढिगानं हाय."

मामीनं मला पुडा दिला नाही. ती स्वतः पुढं आली, चिमूट घेतली आणि देवाला वाहावं तसं हळूच पाण्यावर भुरभुरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पाण्यावर लाल साय पसरली. मी सर्वांत हलकं वजन लावलं, म्हणजे सगळं डोळ्यांना दिसेल अशा बेतानं, आणि सोडलं.

विमान गेलं आणि मी बघितलं. नाकापासून निघालेली लाट तिरकी मागं येत होती आणि पंखाच्या मध्यावर, बरोब्बर तिथंच, पंखाच्या स्वतःच्या लाटेत घुसत होती. दोन लाटा भेटत होत्या त्या जागेपासून कुंकवाची एक बारीक लाल धार निघून सरळ पंखाच्या कडेवर आपटत होती. बाकी कडेपाशी पाणी नुसतं वळून जात होतं. एका जागी मात्र ते नेम धरल्यासारखं येऊन धडकत होतं. माझा डाग तिथंच होता.

मी वजन वाढवलं. पुन्हा कुंकू, पुन्हा विमान. आता वेग जास्त, त्यामुळं नाकाची लाट अंगाच्या जास्त जवळ, आणि भेटीची जागा पंखावर आतल्या बाजूला सरकलेली. आणखी वजन, आणखी आत. मी फोटोवाल्याला हाका मारायला लागले. तो मात्र केव्हाचा खाली बसून खटके दाबत होता. कॅमेऱ्यामागून म्हणाला, "आज अच्छा पोज दिया, बाई."

"काका," मी म्हणाले, "रंग नीटच लावला होता मी."

त्यांना कसला रंग ते ठाऊक नव्हतं. पण ते वाकून त्या जागेकडं बघत म्हणाले, "सांधा हाय हा. दोन लायनी हितं मिळतात. सांध्यावर नेहमीच दनका बसतो." पुढं माझ्या वहीत आणि बोलण्यात त्या जागेचं नाव सांधाच पडलं.

मामा आला, बघितलं, लाल झालेली काच बघितली, मामीचे लाल हात बघितले. "सापडलं का गं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. त्या दुपारी त्यानं सगळ्यांसाठी, सुतारासाठीसुद्धा, चौकातून जिलेबी मागवली. समोरच्या आजोबांनाही पाठवली.

नळी दुरुस्त झाली आणि मी फोटोंचं पाकीट घेऊन बंगळूरला परत गेले. सरांनी फोटो एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "पाणी म्हणजे हवा नव्हे. पाणी तापत नाही. यावरून डागाची जागा कळेल, उष्णता कळणार नाही." ते बरोबरच होतं. मी म्हणाले, "सर, जागाच बघू. वेग वाढवला तर डाग आत सरकायला हवा. कुठपर्यंत सरकेल ते मी आधीच पेन्सिलीनं खुणावून ठेवते."

सरांनी खूण स्वतः तपासली. आम्ही दाब वाढवला, पडदा फाटला, नेहमीचा आवाज झाला. मी झाकण उघडलं. डाग आत सरकला होता. खुणेच्या किंचित पलीकडं, पण आत. सर चष्मा कपाळावर चढवून पंखाकडं बघत राहिले.

"रंग चांगला लावतेस," ते म्हणाले. सरांच्या तोंडून एवढं यायला माझी तीन वर्षं गेली होती.

पुढं कळलं की बाहेरच्या देशांतल्या लोकांनीही असले डाग पाहिले होते आणि लहरींच्या अशा भेटीवर कामही चालू होतं. थोडा वेळ मी खट्टू झाले. मग सर म्हणाले, "दुसऱ्यालाही तेच दिसलं म्हणजे तुला भास झाला नव्हता," आणि मला ते पटलं. माझ्या पंखाचा आकार वेगळा होता, माझी मोजमापं माझी होती. तो भाग प्रबंधात गेला आणि प्रबंध पास झाला.

त्याच वर्षी काकांच्या मुलाचं लग्न झालं. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. केमला मांडवात काकांनी मला हाताला धरून सगळ्या पाहुण्यांत फिरवलं. "ही विमानाचं करती," असं सांगायचे आणि पुढं मला बोलूच द्यायचे नाहीत, स्वतःच सांगायचे. निम्मं बरोबर असायचं. मुलगा भेटला तेव्हा मी त्याच्याकडं आवर्जून नीट पाहिलं. तो लाजला, मग दोघंही हसलो. नवरी गोड होती.

मामीची एक इच्छा राहिली होती. ती खरी हवेची नळी बघायची. दोन वर्षांनी मामा-मामी बंगळूरला आले तेव्हा सरांची परवानगी काढून मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. योगायोगानं एक प्रयोग व्हायचा होता. व्हायचा होता म्हणजे होईल होईल असं चाललं होतं. मामी सकाळपासून स्टुलावर बसून होती. कधी पंप अडायचा, कधी दाब दाखवणाऱ्या काट्यांवर कुणाचा विश्वास बसायचा नाही. तिनं डब्यातले धपाटे सगळ्या पोरांना वाटले, त्यांतल्या दोघांच्या लग्नाची चौकशी केली, आणि शेवटी एकदाचं कुणीतरी म्हणालं, कान झाका. धाडकन आवाज झाला. मामानं डोळे मिटून घेतले होते. मामीनं कानांवरचे हात काढले आणि इकडं तिकडं पाहिलं.

"सुरू झालं का?"

"झालं मामी. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच."

मामी उठली, पदर झटकला आणि सरांच्या देखत म्हणाली, "आमचं पानीच बरं की मग. निदान दिसत तरी हुतं."

सरांना मराठी येत नव्हतं. मी ते माझ्या मोडक्या कानडीत करून सांगितलं, आणि सर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला.